अंधारकाकूंची दहा संत्री

सून घरात येऊन चार दिवस झाले नाहीत तोच अंधारकाकूंनी भरदुपारी स्वयंपाकघराची खिडकी लावली, पडदा ओढला आणि पर्समधून जांभळा टॉर्च काढला. सून ओट्यापाशी टोमॅटो चिरत उभी होती. तिला वाटलं, वीज गेली. काकूंनी टॉर्चचा झोत आधी टोमॅटोंवर मारला, मग सुरीवर, मग ओट्याच्या कडेवरून फिरवत फिरवत थेट सुनेच्या हातांवर आणला.

“हात नीट धुतले नाहीस.”

“धुतले ना, आई. साबणाने धुतले.”

“साबण लावलास, काढला कुठे? बोटांच्या बेचक्यात बघ, निळं निळं चमकतंय. आणि हा टोमॅटो कुठल्या आंधळ्याने निवडला? देठापाशी तडकलाय.”

“तो काल तुम्हीच आणलात,” सून म्हणाली.

काकूंनी टॉर्च विझवला, पडदा सरकवला आणि खिडकी उघडली. मुलगी तोंडाळ आहे, असं त्यांनी त्याच संध्याकाळी मुलाला ऐकवलं. मुलगा जेवत होता. त्याने मान हलवली, कारण आईपुढे मान हलवण्यापलीकडे त्याने जन्मात काही केलं नव्हतं.

हा टॉर्च कसला आणि काकूंना अंधारकाकू का म्हणत, ते आता सांगितलं पाहिजे. शहराच्या कडेला संत्र्यांचं एक मोठं पॅकहाऊस होतं. बागांतून आलेली संत्री तिथे हौदात धुतली जात, ब्रशांखालून जात, वाळत आणि खोक्यांत बसून लांबच्या बाजारांना निघत. या सगळ्याच्या मधोमध एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. भिंती काळ्या, छत काळं, दाराला दुहेरी काळा पडदा. संत्र्यांचा पट्टा त्या खोलीतून जाई आणि पट्ट्याच्या वर अल्ट्राव्हायोलेट दिव्यांच्या नळ्या लावलेल्या होत्या. संत्र्याच्या सालीत तेल असतं. कुठे नख लागलं, कात्री टोचली, फांदी घासली, की ते बाहेर येतं. उजेडात फळाकडे कितीही बघा, काही म्हणजे काही दिसत नाही. त्या दिव्याखाली मात्र जखम पिवळट हिरवी पेटते. असं एक फळ खोक्यात गेलं की आठ दिवसांत त्याला बुरशी धरते आणि ते शेजारच्या चौघांना घेऊन सडतं. म्हणून कुणीतरी अंधारात बसून पेटलेली फळं उचलायची आणि बाजूला टाकायची. तेवीस वर्षं ते कुणीतरी म्हणजे काकू होत्या.

दिवसाचे आठ तास फक्त बिघाड शोधायचा म्हटल्यावर माणसाचा स्वभाव जो व्हायचा तोच झाला होता. लग्नाला गेल्या तर वधूच्या ड्रेसची शिवण उसवलेली त्यांना पहिली दिसे. शेजाऱ्यांनी नवं कपाट घेतलं तर त्या दार उघडून बिजागरीकडे बघत. नवरा हयात होता तेव्हा तो रिकाम्या वेळी घड्याळं दुरुस्त करत बसे, आणि काकू त्याला म्हणत, “घड्याळांचं ठीक आहे, स्वतःचं काय?” तो बिचारा एका हिवाळ्यात गेला. त्याच्याबद्दलही काकू वाईट बोलत नसत असं नाही. भाजीच्या दुकानात त्या तसल्याच दिव्याचा टॉर्च घेऊनच जात आणि ओढणीच्या आडोशाला धरून एकेक वांगं तपासत. दुकानदार त्यांना लांबून येताना बघून चांगला माल आत ठेवी आणि कालचा पुढे करी. तेवढंच त्याच्या हातात होतं.

त्या अंधाऱ्या खोलीचे नियम काकूंनी घातले होते. आत येण्याआधी पडद्याबाहेरच्या बाकावर दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. काळा एप्रन घालायचा आणि तो साध्या पाण्यात धुवायचा, कारण कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत काहीतरी घातलेलं असतं आणि ते त्या दिव्याखाली निळसर पांढरं पेटतं. मॅनेजर नवा आला तेव्हा हे न विचारताच कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आत शिरला. क्षणात सगळी खोली उजळली. काकूंनी मान वर न करता विचारलं, “लग्नाला निघालात की भूत झालात?” पडद्याबाहेर खोकी बांधणाऱ्या बाया हसून हसून बेजार झाल्या. मॅनेजर उलट्या पावली बाहेर गेला, आणि त्यानंतर त्याला काही सांगायचं असलं तर तो पडद्याबाहेरूनच ओरडून सांगे.

सगळ्यात महत्त्वाचा नियम फडक्याचा. पट्ट्याच्या कडेला ओलं फडकं ठेवलेलं असे. डाग पेटलेला दिसला की आधी पुसून बघायचं. पुसल्यावर गेला तर तो बाहेरचा डाग, धूळ असेल, साबण असेल. फळ पुढे जाऊ द्यायचं. पुसूनही राहिला तर सालीला जखम आहे. फळ बाहेर काढायचं. “फळावर आळ घ्यायचा तर आधी पुसायचं,” असं काकू काम मागायला आलेल्या प्रत्येक नव्या बाईला सांगत. सांगताना आवाज असा असे की समोरच्या बाईने कधी जन्मात काही पुसलंच नसावं.

आणि मग परीक्षा. काळ्या ट्रेमध्ये दहा संत्री मांडायची. काही जखमी, काहींवर साबणाचा नाहीतर धुळीचा नुसता डाग. फडक्याला हात न लावता, फक्त डोळ्यांनी ओळखायचं. दहांपैकी नऊ बरोबर आली तर खुर्ची मिळे. एकेचाळीस जणींनी आणि जणांनी ती परीक्षा दिली. त्यात एक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका होती, एक रंगारी होता, मॅनेजरचा मेहुणा होता. मेहुण्याला तीन आली. काकूंनी सगळ्यांना एकच वाक्य ऐकवलं: “तुझं इथे काम नाही. जा, उजेडात जा.” पॅकहाऊसच्या आवारात लोक एकमेकांना चिडवायला हे वाक्य वापरत. कुणाच्या हातून खोकं पडलं की चारही बाजूंनी आवाज येई, “जा, उजेडात जा!”

सुनेनेही ती परीक्षा दिली होती. हंगाम जोरात होता, माणसं कमी पडत होती. सून पॅकहाऊसमध्ये खोकी बांधायला लागली होती. मॅनेजरनेच तिला पुढे ढकललं. तिला आठ आली. आठ म्हणजे सुरेख काम. काकू सोडल्या तर तिथे कुणालाच आठच्या वर आली नव्हती. काकूंनी ट्रे उचलला आणि म्हटलं, “तुझं इथे काम नाही. जा, उजेडात जा.” त्या संध्याकाळी दोघी एकाच बसने घरी आल्या, एकाच ओट्यावर स्वयंपाक केला आणि त्या विषयावर अवाक्षर निघालं नाही. पुढच्या हंगामात पट्ट्याची लांबी वाढली, दोन खुर्च्यांशिवाय गत्यंतर नव्हतं, तेव्हा मालकाच्या हुकमाने सून आत आली आणि पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला बसली. काकू तिला नावाने हाक मारत नसत. “ए आठवाली, तिकडचं बघ,” असं म्हणत.

एवढ्या सगळ्या तोऱ्यात एक गोष्ट काकूंनी कुणाला कळू दिली नव्हती. त्यांचे डोळे जात होते.

दिव्याच्या त्रासापासून बचाव म्हणून कंपनीने चष्मे दिले होते. काकूंनी आपला चष्मा पहिल्याच दिवशी भिंतीच्या खिळ्याला अडकवला, तो तेवीस वर्षं तिथेच होता. “चष्मा लावून बिघाड दिसत असता तर मॅनेजरला नसता का दिसला?” मॅनेजर जाड भिंगांचा चष्मा वापरायचा. डोळे कशाने गेले, चष्म्याने वाचले असते का, कोण जाणे. वय तर झालंच होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना पहिल्यांदा सगळं मळकट दिसायला लागलं. काकूंनी दोष दिव्यांना दिला. नळ्या बदलून घेतल्या. मग नळ्या बसवणाऱ्याला दोष दिला, त्याला परत बोलावून पुन्हा बदलून घेतल्या. घरातले बल्ब बदलले. मुलगा शिडीवर चढून बल्ब काढायचा, लावायचा आणि मान हलवायचा.

मग एके दिवशी पट्ट्यावर एक फळ पिवळं पेटलेलं दिसलं. काकूंनी सवयीने फडकं मारलं आणि डाग गेला. साबणाचा शिंतोडा होता तो, म्हणजे निळा. त्यांना पिवळा दिसला होता. त्यांनी दुसरं फळ घेतलं, पुसलं. तेही गेलं. काकू घाबरल्या. घाबरल्या असंच म्हटलं पाहिजे, कारण त्यांचे हात फडक्यावरच राहिले आणि पट्ट्यावरून वीस-पंचवीस संत्री तशीच निघून गेली. ती खुर्ची गेली तर त्यांच्याजवळ उरणार काय होतं? गोड बोलून माणसं जोडलेली नव्हती. शेजारीण येत नव्हती. घरात मान हलवणारा मुलगा आणि आठवाली सून. लोक त्यांना भिऊन असत ते फक्त त्या खुर्चीमुळे.

त्या दिवसापासून त्यांनी फडकं वापरणं सोडलं. पुसलं की चूक दिसते, मग पुसायचंच कशाला? सुनेने एकदा विचारलंही. “तेवीस वर्षं झाली. मला पुसायला लागत नाही,” काकू म्हणाल्या, आणि शंका आली की फळ सरळ बाहेर टाकायला लागल्या. चांगली फळं रोज टोपलीभर वाया जाऊ लागली. मॅनेजरला वाटलं, काकू जास्तच कडक झाल्यात. त्याने मालकाकडे त्यांची स्तुती केली.

सून मात्र पलीकडे बसून बघत होती. एका सकाळी बसस्टॉपवर तिने काकूंच्या पायांकडे पाहिलं. एक मोजा निळा होता, एक काळा. बस आली तेव्हा तिने काकूंना आधी चढू दिलं.

त्या सोमवारी हंगामातला सगळ्यात मोठा माल आला होता. संत्री एकाच बागेतली होती, तोडली होती एकाच टोळीने. टोळीत चौदा माणसं, बाया आणि पुरुष, आणि त्यांचा मुकादम म्हणजे साठीचा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. काकूंना तोडणाऱ्यांचा पहिल्यापासून तिटकारा होता. त्यांच्या मते संत्र्यांना होणाऱ्या निम्म्या जखमा तोडणाऱ्यांच्या नखांच्या असत आणि उरलेल्या निम्म्या आळसाच्या.

पट्टा सुरू झाला आणि काकूंच्या डोळ्यांपुढे सगळा पट्टा पिवळा पेटला. एक-दोन नव्हे, सगळी फळं, एकेका फळावर तीन-तीन, चार-चार ओरखडे. त्यांनी लाल बटण दाबलं. पट्टा थांबला.

“नखं!” काकू गरजल्या. “नखं आहेत ही! मांजरं आणली होती का तोडायला?”

पलीकडे सून एक फळ हातात घेऊन बघत होती. “आई, थांबा जरा. हे मला—”

“तू गप्प बस. आठवाली!” काकू पडदा सारून बाहेर गेल्या, उजेडात डोळे मिचकावत. “मॅनेजर! सगळा माल जखमी आहे. ही टोळी आजपासून बंद करा. एक फळ पुढे जाणार नाही.”

मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. निर्णय दुसऱ्याने घेतला की त्याला नेहमीच बरं वाटे. त्याने तिथल्या तिथे मालकाला फोन लावला, “काकूंनी सांगितलंय, टोळीची नखं आहेत,” आणि मुकादमाला बोलावून घेतलं. ऐन हंगामात फळं खराब करते म्हणून हाकललेली टोळी कोण ठेवतो? दोन दिवसांत सगळ्या बागांत बातमी पोचते. चौदा माणसं हंगामभर हात चोळत बसणार हे मॅनेजरला माहीत होतं, मुकादमाला माहीत होतं, आणि काकूंनाही माहीत होतं.

मुकादम ओरडला नाही. त्याने टोळीला माल उतरवायच्या धक्क्यावर एका ओळीत उभं केलं आणि सगळ्यांना हात पुढे करायला लावले. अठ्ठावीस हात. एकेक नख मांसापर्यंत कापलेलं, काहींच्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या.

“काकू, नखं बघा,” तो म्हणाला.

“मी माणसं बघत नाही,” काकू म्हणाल्या. “मी फळ बघते.” आणि त्या पाठ फिरवून आत गेल्या. बाकावर दहा मिनिटं डोळे मिटून बसायचा नियमही त्यांनी पाळला. त्या दहा मिनिटांत मिटलेल्या डोळ्यांपुढे त्यांना ते अठ्ठावीस हात दिसत राहिले, आणि त्याचा त्यांना राग आला.

आत सून वाट बघत होती. तिच्यापुढे काळ्या ट्रेमध्ये सात संत्री होती आणि हातात ओलं फडकं होतं. तिने फडकं काकूंच्या हातात दिलं.

“पुसा, आई.”

“काय पुसा? तुला मी शिकवलं—”

“हेच शिकवलंत. पुसा.”

काकूंनी एक फळ पुसलं. ओरखडे गेले. फळ काळं, शांत झालं. दुसरं पुसलं, तेही गेलं. सातही फळं त्यांनी पुसली, शेवटची दोन तर सालीचा वास सुटेपर्यंत घासली. एकही डाग राहिला नाही.

“मी हौदाकडे जाऊन आले,” सून हळू आवाजात म्हणाली. “फळं धुवायचं औषध संपलं होतं. मॅनेजरने सकाळी कपडे धुवायच्या पावडरीची पोती ओतलीत. साबण तो साबण, म्हणाला हौदावरच्या माणसाला. ब्रशांनी ती सगळ्या फळांवर फासलीये.”

“पिवळं होतं,” काकू म्हणाल्या. “मला पिवळं दिसलं.”

“निळं होतं, आई. तुमच्या त्या दिवशीच्या मोज्यासारखं. उजव्या पायातल्या. डाव्यात काळा होता.”

काकू खुर्चीत बसल्या. म्हणजे हिला ठाऊक होतं. दोन वर्षं ही कार्टी समोर बसून बघत होती आणि मूग गिळून गप्प होती. काकूंना आधी संताप आला आणि मग, संतापाच्या मागोमाग, लाज आली. लाज त्यांना अनेक वर्षांत आली नव्हती, त्यामुळे ती काय आहे हे कळायलाच थोडा वेळ लागला.

“मी सांगते बाहेर,” सून म्हणाली. “माझ्या बाजूची फळं होती, मीच तुम्हाला चुकीचं सांगितलं म्हणते. मला परत खोकी बांधायला पाठवतील, दुसरं काय?”

“तू?” काकू उठल्या. “तुझं कोण ऐकणार? तुला आठ आली होती.”

बाहेर धक्क्यावर टोळी आपापल्या पिशव्या गोळा करत होती. काकूंनी मॅनेजरला तिथेच, सगळ्यांसमोर गाठलं. आधी त्याचा पाणउतारा केला: फळं धुवायची आहेत की चड्ड्या, एवढं शिक्षण घेऊन काय दिवे लावलेत, वगैरे. मग टोळीला झापलं, की हात दाखवत उभं राहण्यापेक्षा भांडायला काय झालं होतं. एवढं सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, “डाग साबणाचे आहेत. नखांचे नाहीत. मी चुकले. माझे डोळे गेलेत, दोन वर्षं झाली.”

मॅनेजर हसला. त्याची अडचण वेगळीच होती: टोळी परत घ्यायची तर मालकाला पावडरीचं सांगावं लागणार होतं.

“काकू, तुम्हाला दया आली, हे मी समजू शकतो,” तो म्हणाला. “पण तेवीस वर्षांत तुम्ही एकदाही चुकला नाहीत. मीच काय, मालकही तुमच्या शब्दाबाहेर जात नाही. फडक्याने काय, काहीही पुसलं जाईल. तुमचे डोळे गेले म्हणता? चाललंय ना सगळं छान!”

आयुष्यभर आपल्या शब्दाचा असा दरारा बसवला होता काकूंनी, की तो मागे घ्यायला गेल्यावर कुणी घेऊ देईना. मुकादम त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर काकूंना सोपं गेलं असतं.

“परीक्षा घ्या माझी,” त्या म्हणाल्या. “दहा संत्री. तुम्ही दोघं आत येऊन बघा.”

मॅनेजरला पांढरा शर्ट काढावा लागला. काळ्या एप्रनमधून त्याचे गोरे, बारके दंड बाहेर आले आणि धक्क्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. बाकावर तो, मुकादम आणि काकू दहा मिनिटं डोळे मिटून शेजारी शेजारी बसले. मॅनेजर दोनदा डोळे उघडून घड्याळ बघायला गेला आणि दोन्ही वेळा काकू, डोळे मिटलेलेच ठेवून, “मिटा,” म्हणाल्या. मुकादम गुडघ्यांवर हात ठेवून निमूट बसला होता.

आत सुनेने ट्रे मांडला होता. पाच संत्र्यांना तिने कात्रीच्या टोकाने मुद्दाम टोचलं होतं, पाचांवर हौदातलं पाणी लावून वाळवलं होतं. कुठलं कुठे ठेवलंय ते काकूंना माहीत नव्हतं.

टोळी वाचायची तर काकूंनी नापास व्हायला हवं होतं, आणि हे त्यांनीच ठरवलं होतं. तरी त्या ट्रेपुढे बसल्यावर त्यांच्या मनात आलं ते भलतंच. येऊ देत, दहापैकी दहा येऊ देत. सुनेचं चुकलेलं असू दे, मोजे अंधारात घातले होते, नळ्या जुन्या आहेत, आजच्यापुरतं दिसू दे. त्यांनी पाठ ताठ केली. डोळे ताणून पहिल्या फळाकडे पाहिलं. डाग पिवळा होता. दुसऱ्यावरचाही पिवळाच. तिसऱ्यावरचा, चौथ्यावरचा. मळक्या पाण्याच्या तळाशी पडल्यासारखी दहाच्या दहा फळं सारखी पिवळी दिसत होती.

“जखम,” काकू म्हणाल्या. “साबण. जखम. जखम…” आवाज त्यांचा नेहमीचाच, कडक. त्या अंदाज करताहेत हे त्या आवाजावरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. एकेका फळापाशी त्या खरोखर शोधत होत्या, नाक जवळ नेऊन वाससुद्धा घेत होत्या. दहावं झालं. “जखम,” त्या म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवले.

सुनेने फडकं घेतलं आणि पहिल्यापासून एकेक फळ पुसायला लागली. पुसलं की ज्याचा डाग जाई ते साबणाचं, ज्याचा राही ते जखमी. मुकादम मोजत होता. बरोबर आलं की बोट उघडायचा, चुकलं की काहीच करायचा नाही. सातव्या फळाला मॅनेजर खाकरला. दहावं फळ सुनेने पुसलं. डाग गेला.

“चार,” मुकादम म्हणाला. आनंदाने नाही म्हणाला तो. त्याच्या टोळीचा हंगाम वाचला होता आणि तरी त्याने ते ‘चार’ असं म्हटलं की जणू त्याचंच काहीतरी चुकलं होतं.

मॅनेजर बराच वेळ एप्रनची नाडी सोडत राहिला. “मी… मालकांना कळवतो पावडरीचं,” तो शेवटी म्हणाला. “टोळी राहू दे.” आणि पडदा सारून गेला. मुकादम त्याच्या मागोमाग जाता जाता थांबला. त्याने तिथल्या दहा संत्र्यांतलं एक, टोचलेलं, सरळ करून नीट ट्रेमध्ये ठेवलं आणि निघून गेला.

दोघी उरल्या. नळ्यांची बारीक गुणगुण चालू होती. काकू खुर्चीतून उठल्या, एप्रन काढून त्याची घडी केली आणि ती खुर्चीवर ठेवली. मग परीक्षा देणारे जिथे उभे राहत, ट्रेच्या पलीकडे, तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

“म्हण,” त्या म्हणाल्या.

“काय म्हणू?”

“तोंडात काय गुळणी धरलीयेस? चार आली की काय म्हणतात, तुला माहीत आहे. तुला ऐकवलंय मी. म्हण.”

सुनेने दिवे बंद करण्यासाठी हात वर नेला आणि तसाच खाली घेतला. खिळ्यावरचा तो जुना चष्मा तिने काढला, फडक्याच्या कोरड्या बाजूने पुसला आणि काकूंच्या हातात दिला.

“चला आई,” ती म्हणाली. “उजेडात चला.”

“‘चला’ नाही,” काकू म्हणाल्या, “‘जा’ म्हणतात. एवढंही धड येत नाही तुला.” आणि पडद्याची फट कुठे आहे ते दिसेना, म्हणून त्यांनी तिच्याकडे हात पुढे केला.